पिल्लांची उतरण

सात आठवडे पाऊस नाही म्हणजे नाही. टॅनर तळ्याचं पाणी बंधाऱ्याच्या खाचेत बसवलेल्या फळीच्या चार बोटं खाली गेलं होतं, आणि एलवाइफ माशाची पिल्लं समुद्राकडे उतरणार ती त्या खाचेतूनच. ऑक्टोबर निम्मा सरला होता. उतरायची वेळ झाली म्हणून तळ्यातली सगळी पिल्लं येऊन बंधाऱ्याला भिडली होती, बोटाएवढी, हजारोंनी, आणि पुढे वाट बंद. कडेला मेलेल्यांचा थर साचत होता. भिंतीवर सीगल ओळीने बसून यथेच्छ ताव मारत होते.

लोरेटा पेल्की ते बघून रडकुंडीला आली होती. एकोणीस वर्षं ती मत्स्यखात्याची हंगामी नोकर. दर वसंतात कुठल्या ना कुठल्या बंधाऱ्यावर, मासे चढावेत म्हणून बांधलेल्या पायऱ्यांच्या शिडीपाशी बसून वर चढणारे मासे मोजायचे, हे तिचं काम. टॅनर तळ्यात साठ वर्षांनी यंदा पहिल्यांदा नव्या शिडीवरून मासा चढला, अंडी घातली, गावाने केक कापला. मासे चढून गेले म्हटल्यावर खाचेत फळी बसवायला जुलैत हिनेच मान डोलावली. तळ्याकाठच्या बंगलेवाल्यांच्या होड्या तरंगायला हव्या होत्या ना! पिल्लांना पुन्हा खाली जायचं असतं हे काय तिला माहीत नव्हतं? होतं. पण पाऊस काय, पडेलच, असं धरून चालली. शिडी कोरडी, खाच कोरडी, आता भोगा!

"मंगळवारी सभा आहे, फळीचं तेव्हा बघू," बंगलेवाल्यांच्या अध्यक्षीणबाई फोनवर म्हणाल्या.

"मंगळवारपर्यंत बघायला काही उरणार नाही, बाई!"

"मग सीगलना सांगा, जरा हळू खा."

लोरेटाने फोन आपटला आणि थेट एमरी डाऊच्या दारात जाऊन उभी राहिली. बंगलेवाल्यांच्या वतीने बंधाऱ्याची राखण आणि किल्ली त्याच्याकडे. वय चौऱ्याहत्तर, छातीत दोन वर्षांपूर्वी बसवलेलं यंत्र, आणि जीभ मात्र विशीतली.

"फळी काढायची, काका. पण तुमचं काम जाईल."

"कसलं काम? वर्षाला एक जॅकेट देतात, तेही दुसऱ्याच्या मापाचं. तो फळी ओढायचा आकडा घे आणि चल."

फुगलेली फळी निघता निघेना. दोघांनी मिळून हिसडे दिले, एमरीने फळीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा कुठे ती सुटली. पाणी खाचेतून धो धो निघालं. पिल्लं जवळ आली, बिचकली, मागे फिरली, पुन्हा आली. मग शेपटी पुढे करून, पाठमोरीच, एकेक करून गेली, आणि मग झुंडीच्या झुंडी. "अगं, गेली! गेली बघ!" एमरी काढलेल्या फळीवर नाचायला लागला. लोरेटा हसत होती, रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं.

तेवढ्यात भिंतीवरचे सगळे सीगल एकदम उडाले आणि बंधाऱ्याच्या पलीकडे खाली उतरले.

"यांना काय झालं?" एमरी म्हणाला.

लोरेटाने पलीकडे वाकून बघितलं. सात आठवडे खाली थेंब नव्हता. पुरुषभर उंचीवरून पाणी कोरड्या दगडांवर आपटत होतं, फटींत मुरत होतं, आणि पिल्लं त्या दगडांवर फुटत होती. आधी खाली डोह भरू द्यायचा, मग मासा सोडायचा. दर वर्षी खात्यातल्या नव्या मुलांना हे कोण शिकवायचं? हीच! जन्मभर वर चढणारे मासे बघणाऱ्या बाईने खाली बघितलंच नाही.

"फळी टाका! काका, फळी!"

पण त्या ओढीत फळी बसते होय? ती धावत सुटली आणि पिकअपमधलं जाळं घेऊन आली. खाचेपुढे जाळं धरलं तर पाणी जाईल, पिल्लं अडतील, डोह भरेल. बांधायला एक खुंटी नाही, सगळं गुळगुळीत काँक्रीट. धरायला दोघं हवीत. ती नको नको म्हणेपर्यंत म्हातारा कमरेएवढ्या गार पाण्यात उतरलासुद्धा. जाळ्याचं दुसरं टोक धरून तीही उतरली.

पहिला पाऊण तास तो बंगलेवाल्यांच्या नकला करत होता. मग नकला थांबल्या. जाळ्यात पानं आणि पिल्लं अडकून ओझं वाढत होतं. लोरेटा मान वळवून खाली बघायची. घोट्याएवढं पाणी. अजून घोट्याएवढंच. गुडघ्यापर्यंत यायला हवं होतं.

"वर या, काका. ओठ बघा कसे निळे पडलेत."

"डोह भरला?"

"भरत आलाय."

"खोटं बोलू नकोस. किती?"

"नडगीला लागेल एवढा."

"मग गप उभी राहा."

ती उभी राहिली. गळा फाटेस्तोवर हाका मारल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एमरीची मान झुकली, तो हळूहळू पाण्यात खचत गेला. "काका!" त्याचे डोळे मिटले. "अहो काका!" पाणी त्याच्या हनुवटीला लागलं. आपलं टोक सोडल्याशिवाय त्याच्यापर्यंत पोचता येत नव्हतं, आणि टोक सोडलं की सगळं संपलं.

तिने सोडलं.

पिल्लांचा लोंढा तिच्या पायांना घासत खाचेतून गेला. तिने तिकडे पाठ केली, म्हाताऱ्याला काखेत धरून काठावर ओढलं आणि त्याचे हात चोळत राहिली.

पिकअपमध्ये हीटर लावून, घोंगडी गुंडाळून बसवल्यावर त्याने डोळे उघडले. "कुणी सांगितलं होतं सोडायला?" दातावर दात आपटत होते तरी राग केवढा! "साठ वर्षं वाट बघितली मी, पोरी. अर्धा तास आणखी धरलं असतं!"

"अर्ध्या तासात तुम्ही गेला असता."

"गेलो असतो तर गेलो असतो!" तो हमसून हमसून रडायला लागला. "किती जगली?"

त्याला गाडीत घालताना तिने एकदा खाली बघितलं होतं. काही उताराला लागली होती, काही पोट वर करून तरंगत होती. एकोणीस वर्षं मासे मोजणाऱ्या बाईला काही मोजता आलं नव्हतं.

"जगली ती चार वर्षांनी वर येतील. तेव्हाच कळणार."

"चार वर्षं! मी असणारे का तोवर?"

"असायचं!" ती त्याच्यावर खेकसली. "जाळं कशासाठी सोडलं मी? असायचं म्हणजे असायचं!"

आणि डोळे पुसत तिने गाडी हॉस्पिटलच्या रस्त्याला लावली.