हिवाळी खोलीतली वही

गाश्परला खरं तर फक्त पाण्याचं बघायचं होतं.

मेच्या पहिल्या सुट्टीत तो आणि तादेय पाठीवर सॅक टाकून चार दिवसांत वरचं पठार पार करणार होते. तळ्यापासून वर, बर्फातून, पलीकडच्या दरीत. सहा वर्षं हे नुसतं ठरतच होतं. एकदा पावसाने घालवलं, एकदा तादेयच्या बहिणीने नेमकं त्याच आठवड्यात लग्न काढलं. यंदा मात्र पक्कं. वर वाहतं पाणी कुठे मिळतं ते बघायला म्हणून गाश्पर गिर्यारोहण मंडळाच्या ऑफिसात गेला, आणि तिथलं काम बघणाऱ्या योझित्सा मावशींनी त्याच्या हातात वही ठेवली.

डोंगरावरचं लॉज हिवाळ्यात बंद असतं, पण एक खोली उघडी ठेवतात. चार बाकडी, घोंगड्या, एक चूल आणि ही वही. जो मुक्काम करेल त्याने नाव लिहायचं, कुठून आलो, कुठे चाललो ते लिहायचं. कोणी हरवलं तर शोधणाऱ्यांना पत्ता लागावा म्हणून. इकडची माणसं बायकोशी खोटं बोलतील, पाद्र्याशी बोलतील, पण त्या वहीत नाही. नाव न लिहिता निघणं म्हणजे चर्चमधून क्रूसाची खूण न करता बाहेर पडणं. वही भरली म्हणून गेल्याच आठवड्यात कोणीतरी खाली आणली होती.

गाश्पर मागून पानं उलटत गेला. आणि थांबला.

"१४ मार्च. तादेय, अल्याझ. तळ्याकडून आलो, उद्या पठार पार करून पलीकडे उतरणार. बर्फ गुडघाभर, आभाळ लख्ख. अप्रतिम!"

अक्षर तादेयचं. उद्गारवाचक चिन्हाखालचं ते भोपळ्याएवढं टिंबसुद्धा त्याचंच.

"काय रे, भूत बघितलंस?" मावशी म्हणाल्या.

"पाणी बघतोय."

"पाणी? अरे, मेमध्ये वर पाणी कुठलं, बाळा? बर्फ वितळवा आणि प्या."

चौदा मार्चला तादेयचा गुडघा दुखत होता. निदान फोनवर तरी दुखत होता. सोमवारी गाश्पर स्वतः त्याच्याकडे आईच्या हातचं जवाचं सूप घेऊन गेला होता. डबा भरून! आणि हा सोफ्यावर पाय पसरून बसला होता, तोंड भाजल्यासारखं लाल. गाश्परला वाटलं ताप आहे. ताप कसला, बर्फावरचं ऊन!

आणि अल्याझ कोण? गेल्या शरदात राजधानीतून, ल्युब्ल्यानाहून, गावात राहायला आलेला. कॉम्प्युटरवर काहीतरी काम करतो. त्याची अख्खी सॅक गाश्परच्या एका बुटाएवढी भरेल. कानामागून आला आणि तिखट झाला.

तळपायाची आग मस्तकात गेली. घरी जाईपर्यंत गाश्परने तीनदा ठरवलं की काही बोलायचं नाही.

संध्याकाळी सहाला तादेय आला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला. पलीकडे आईने परातीत पीठ फुगायला ठेवलं होतं.

"गुडघा कसाय?" गाश्परने विचारलं.

"एकदम बरा. काकूंच्या सुपाने उठवलं मला."

"सुपाने गुडघा बरा होतो हे नवीनच कळलं."

तादेय हसला आणि नकाशावर वाकला. "हे बघ, इथे डावीकडून नको. तिथे बर्फाची कड बाहेर आलेली असते, खाली पोकळ. उजवीकडून जाऊ."

"नकाशात तर काही दिसत नाही."

"अंदाज रे."

"वा. आणि पहिली रात्र?"

"हिवाळी खोलीत. दारापुढे बर्फ साचतो, खिडकीतून शिरावं लागतं…" तो थांबला. "म्हणजे, लागत असेल."

ताकाला जाऊन भांडं लपवतात ते असं. गाश्परने यादी पुढे ओढली.

"तंबू तू घे."

"बरं."

"गॅसही तू. पातेलंही तू. सॉसेज दोन किलो, तेही तूच."

"आणि तू काय घेणार?"

"मी यादी घेतो."

"गाढव समजतोस का मला?"

"छे! अल्याझबरोबर हलकी सॅक घेऊन हिंडायची सवय झाली असेल ना. ती मोडायची आहे."

तादेयने पेन्सिल खाली ठेवली. "वही खाली आली वाटतं."

"आली."

"मग सरळ विचारायचं ना!"

"तू सरळ सांगायचं ना!"

"ओरडू नका रे!" आतून आई कडाडली. "पीठ बसेल माझं!"

मग तादेय आवाज खाली आणून म्हणाला, "गेल्या मेमध्ये आपण गेलो होतो त्या उभ्या उतारावर मी घाबरून खालीच बसलो होतो. आठवतं?"

आठवतं म्हणजे? अख्ख्या गावाला आठवत होतं, गाश्परने तशी सोयच केली होती. बारमध्ये तो चार पायांवर व्हायचा, खुर्चीचा पाय कवटाळायचा आणि तादेयच्या आवाजात "आई गं" करायचा. लोक टेबलं बडवायचे.

"तू पण हसायचास," गाश्पर म्हणाला.

"सगळे हसताना काय रडू? पठारावर तसलाच उतार आहे. पाय चालतात का ते मला आधी बघायचं होतं. नंतर त्याचं नाटक करणार नाही अशा माणसाबरोबर."

"मग? चालले?"

"नाही. बसलो. वीस मिनिटं."

"आणि तो?"

"तोही शेजारी बसला. चॉकलेट काढलं, अर्धं मला दिलं. ल्युब्ल्यानात भाडी किती वाढलीत ते सांगत बसला. मग मी उठलो आणि गेलो."

गाश्परला आधी लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर. आधी तो निव्वळ जळला. पठार गेलं खड्ड्यात. त्या उतारावर, बर्फात ढुंगण गार करत, तादेयच्या शेजारी बसून भाड्याच्या गप्पा मारायचा हक्क त्याचा होता. सहा वर्षांचा. आणि तो कोण कुठल्या दीडशहाण्याने एका चॉकलेटवर पटकावला.

"झालं की मग तुझं पठार," तो म्हणाला. "आता माझ्याबरोबर कशाला येतोस?"

"अरे बैला, तुझ्याबरोबर जायचंय म्हणून तर बघून आलो." तादेय नकाशाचा कोपरा चोळत राहिला. "पण एक सांगू? रागावू नकोस. तोही आला तर… त्या उतारावर मला बरं पडेल."

नाही म्हणायचं गाश्परच्या अगदी दातांपर्यंत आलं होतं. नाही म्हटलं असतं तर तादेय एकटाही आला असता, हे त्याला माहीत होतं. मुकाट आला असता, आणि उतारावर पायांपेक्षा जास्त गाश्परकडेच बघत राहिला असता.

"नंबर दे त्याचा."

"आत्ता?"

"दे म्हणतो ना. माझा विचार बदलायच्या आत."

फोन लावताना गाश्पर मनातल्या मनात म्हणत होता, सुट्टी नसू दे त्याला, सासूबिसू आजारी पडू दे. अल्याझने पहिल्याच रिंगला उचलला.

"येतो!" बेत पुरता ऐकायच्या आत तो म्हणाला. "नक्की येतो! किती वाजता निघायचं?"

"पहाटे चारला. दहानंतर बर्फ मऊ पडतो, कंबरेपर्यंत पाय जातो."

"मग मी साडेतीनलाच येतो. चहा मी आणतो सगळ्यांना."

गाश्परने फोन ठेवला.

"काय म्हणाला?" तादेयने विचारलं.

"साडेतीनला येतोय, हरामखोर. चहा घेऊन."

तादेय इतका मोठ्याने हसला की आतून आई पुन्हा ओरडली. गाश्परला हसू आलं नाही. त्याने यादीत तंबूपुढचं तादेयचं नाव खोडलं, 'तिघांचा' असं लिहिलं आणि त्यापुढे, बराच वेळ पेन्सिल धरून, स्वतःचं नाव घातलं.