सलग पट्टी

नितेशने नव्या रिमोटची दोन बटणं दोन्ही अंगठ्यांनी एकदम दाबली आणि टीव्हीसमोर गुडघे टेकून मोठ्याने आकडे मोजायला सुरुवात केली. पाचपर्यंत मोजा, असं दुकानदाराने सांगितलं होतं. नितेशने खात्रीसाठी दहापर्यंत मोजलं. टीव्हीवरची बाई नव्या सुरीने टोमॅटो कापत होती, ती कापतच राहिली.

"झाला का कनेक्ट?" त्याच्या बायकोने, सुरभीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"होतोय."

"बुधवारपासून होतोय."

नितेशने पुन्हा दोन्ही बटणं दाबली. बुधवारी संध्याकाळी कंपनीतून आला तेव्हा जुना रिमोट चालेना म्हणून त्याने सेल बदलले. सेल बदलून चालेना म्हणून शनिवारी पूल ओलांडून रोह्याच्या बाजारातून नवा रिमोट आणला. आता नवाही चालेना. टीव्हीच्या खाली एकच बटण होतं, त्याने टीव्ही सुरू होई आणि बंद होई. सुरू झाला की तीच वस्तू विकणारी वाहिनी लागे. घरातल्या तिघांनाही त्या सुरीचे सगळे गुण एव्हाना पाठ झाले होते. सुरभी तर कांदा चिरताना आपल्या विळीकडे तुच्छतेने बघायला लागली होती.

गिरजाबाई उंबऱ्याजवळ परात घेऊन बिरड्याचे वाल सोलत होत्या. वय सहासष्ट, डोळ्यांवर चष्मा नाही. दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू पौषात काढला, तेव्हापासून त्यांना अष्टमी गावातल्या गल्लीच्या टोकाचा माणूससुद्धा ओळखू येत होता. वाल चिमटीत धरून दाबला की पांढरी डाळ बाहेर उडी मारे आणि साल बोटात राही. त्या लेकाची धडपड बघत होत्या आणि मधूनच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

घड्याळाकडे बघण्याचं कारण तिघांनाही माहीत होतं. त्याविषयी बोलत मात्र कोणी नव्हतं. मंगळवारी पेणहून किमयाचा फोन आला होता. किमया म्हणजे ज्या गणपतीच्या कारखान्यात गिरजाबाईंनी चाळीस वर्षं डोळ्यांची आखणी केली, त्या कारखान्याची आताची मालकीण. गणपतीला अडीच महिने राहिले होते, मूर्तींना अंगरंग देऊन झाला होता आणि डोळे काढायला माणूस कमी पडत होता. मावशी, येणार का, म्हणून तिने विचारलं होतं. रविवारी संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर दुसरं कोणी बघते, असंही म्हणाली होती.

गिरजाबाईंनी फोन ठेवल्या ठेवल्या नितेशने सांगून टाकलं होतं, "आये, आता बास झालं."

त्याचंही चूक नव्हतं. गेल्या वर्षी नागोठण्याच्या एका घरच्या गणपतीचा डावा डोळा उजव्यापेक्षा तांदळाभर खाली उतरला होता. मूर्ती न्यायला आलेल्या माणसाने सगळ्यांदेखत विचारलं, "काय हो, बाप्पा डुलकी काढतोय का?" कारखान्यातली माणसं हसली. कोणी रागावलं नाही, फक्त गिरजाबाईंच्या हातातला ब्रश दुसऱ्या बाईच्या हातात गेला. नितेश नेमका त्या दिवशी आईला आणायला गेला होता. दाराशी उभं राहून त्याने ते सगळं बघितलं. येताना पेणपासून रोह्यापर्यंत दोघंही गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत बसली होती.

डोळे आता बरे झाले, हे डॉक्टरने सांगितलं होतं. पण हाताचं कोण सांगणार? हो म्हणावं तर हाताची भीती, नाही म्हणावं तर जीव राहत नाही, अशी गिरजाबाईंची पाच दिवस ओढाताण चालली होती. पुन्हा तसा एक डोळा खाली उतरला तर आपण कारखान्याच्या गल्लीतसुद्धा पाय ठेवणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"पोपटला बोलवा," सुरभी शेवटी म्हणाली. "दहाचे वीस मोजून काय व्हनार हाय?"

पोपट हा नितेशचा शाळेतला दोस्त. रोह्याच्या बाजारात त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. रविवार असूनही अर्ध्या तासात तो पिशवी घेऊन हजर झाला. त्याने पहिला घोट चहाचा घेतला आणि मग नव्या रिमोटकडे बघितलं.

"याची दोन बटणं कशाला दाबतोस?"

"कनेक्ट करायला."

"हा साधा रिमोट हाय. याला कनेक्टबिनेक्ट काय नसतं. हा उजेड मारतो, टीव्ही तो पकडतो. संपलं."

"दुकानदारानं सांगितलं."

"दुकानदार काय, मोजायला बी सांगंल."

सुरभीने पदराआड हसून घेतलं. पोपटने मोबाइलचा कॅमेरा उघडला, रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरलं आणि बटण दाबलं. मोबाइलच्या पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला. मग जुना रिमोट मागून घेतला. त्याचाही ठिपका लुकलुकला.

"दोन्ही ठणठणीत हायत. टीव्हीच पकडत नाय." तो टीव्हीजवळ गेला. "खालच्या पट्टीत डाव्या हाताला बारकी काच असते, वालाएवढी. तिच्यातनं उजेड आत जातो. तिच्यावर काय बसलं असंल."

त्याने वाकून बघितलं. मग बसून बघितलं. मग पिशवीतली बॅटरी काढली आणि पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेड फिरवला.

"काच कुठं हाय?" तो म्हणाला.

"तू सांगतोयस ना, डाव्या हाताला?" नितेशही शेजारी बसला.

"हे मॉडेल मी आपल्याच आळीत चार ठिकानी लावलंय. सगळ्यांना हाय. इथं नाय."

दोघांनी डोकं डोक्याला लावून शोधलं. सुरभी हात पुसत आली आणि तिनेही वाकून बघितलं. पट्टी काळपट राखाडी होती, तिच्यावर केसासारख्या बारीक आडव्या रेघा होत्या आणि त्या रेघा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठेही न तुटता गेल्या होत्या.

"सलग पट्टी हाय की," सुरभी म्हणाली.

पोपटने हात टेकले. "मग कंपनीनं काच बसवलीच नाय म्हनायची."

"पन मग मंगळवारपर्यंत चालत कसा होता?" सुरभीने विचारलं. पोपटने पुन्हा पट्टीवर बॅटरी फिरवली.

गिरजाबाईंच्या चिमटीतला वाल तसाच राहिला. कंपनीने काय बसवलं नि काय नाही, हे त्या घरात फक्त त्यांनाच माहीत होतं. बुधवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. दोन वर्षांपूर्वी टीव्ही भिंतीला लावताना नितेशच्या हातून स्क्रूड्रायव्हर निसटला आणि पट्टीचा गव्हाच्या दाण्याएवढा टवका उडाला होता. आत पांढरं दिसत होतं. मोतीबिंदू काढल्यापासून तो टवका गिरजाबाईंच्या डोळ्यांत खुपायचा. कारखान्यात टवका उडालेली मूर्ती उंबऱ्याबाहेर जात नाही. कोणाला दिसो न दिसो, तो भरायचाच. चाळीस वर्षं हेच केलं होतं. आणि खरं सांगायचं तर किमयाच्या फोनपासून हात शिवशिवत होता, आणि करून बघायला घरात दुसरं काही नव्हतं.

त्यांनी पलंगाखालची रंगांची पेटी ओढली. झिरो नंबरचा ब्रश काढला. काळ्यात चिमूटभर निळा घातला, मग थेंबभर तपकिरी, कारण पट्टी नुसती काळी नव्हती. टवका भरला. त्याच्या शेजारी लालसर झाक असलेला एक डाग दिसला, तोही जुनाच उडालेला रंग असेल असं समजून भरून टाकला. वाळल्यावर रेघा तुटलेल्या दिसायला लागल्या, म्हणून त्या एकेक करून जोडल्या. मग चार पावलं मागे येऊन बघितलं, तर कुठे काय होतं ते त्यांना स्वतःलाच सापडेना.

त्यातूनच खरी पंचाईत झाली. काम जमलं म्हणून दिसत नाही, की आपल्यालाच दिसत नाही? संध्याकाळी नितेश आला तेव्हा त्यांनी आडून विचारून बघितलं होतं, "टीव्ही कसा दिसतो रे?"

"दिसतो बरा," तो रिमोट आपटत म्हणाला होता, "पन चालत नाय."

आता गिरजाबाईंनी परात बाजूला सारली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"पोपट, बॅटरी तिरकी धर," त्या म्हणाल्या. "समोरून नको. बाजूनं उजेड पडला की खोट दिसते."

पोपटने बॅटरी तिरकी धरली.

"काय दिसतं?"

"काय नाय, काकी."

"नीट बघ. रंग कुठं वेगळा हाय? रेघ कुठं जाड हाय?"

"नाय गो काकी. एकदम कंपनीची हाय."

"नितेश, तू बघ."

"नाय दिसत, आये. तू कशाला—"

"सुरभी, तुझे डोळे चांगले. तू बघ गो."

सुरभीने नाक पट्टीला लागेपर्यंत वाकून बघितलं. "खरंच काय नाय, आई."

गिरजाबाईंना आनंद झाला. इतका झाला, की टीव्ही बिघडल्याचं दुःख करायचं आहे हे क्षणभर त्या विसरल्याच. तीन माणसं, सहा डोळे, वर बॅटरी.

"काच हाय तिथं," त्या म्हणाल्या. "मी रंगवली."

टीव्हीवरची बाई आता कोबी कापत होती.

"कशानं रंगवलीस?" नितेशने विचारलं.

"ब्रशनं. आनखी कशानं रंगवतात?"

"ब्रश तर तू पेटीत ठेवलेले. काढनार नाय म्हनालेलीस."

"काढला."

पोपट मधे पडला नाही. त्याने अंगठ्याचं नख पट्टीवरून हळूहळू सरकवत नेलं आणि डाव्या टोकाशी थांबला. "हां. इथं लागतंय नखाला. डोळ्याला नाय, नखाला." त्याने पिशवीतून कापूस आणि बाटली काढली, पण कापूस भिजवून हातात तसाच धरून बसला. "काकी, मला पुसवत नाय. तुमीच पुसा."

गिरजाबाईंनी कापूस घेतला. टवक्याला धक्का न लावता फक्त काचेवर तीनदा फिरवला. खाली लालसर काळी काच चमकली. पोपटने जुना रिमोट उचलून बटण दाबलं आणि कोबी कापणारी बाई जागच्या जागी नाहीशी झाली.

"सुटले गो बाई," सुरभी म्हणाली आणि त्याच्या हातातून रिमोट घेऊन एकामागून एक वाहिन्या बदलत सुटली. कुठली बघायची हे तिने ठरवलं नव्हतं. नुसत्या बदलण्यातच तिला मजा येत होती. पोपटने पैसे घेतले नाहीत. ज्या दुकानदाराने मोजायला सांगितलं त्याला नवा रिमोट परत कर, एवढं बजावून तो उरलेला चहा पिऊन गेला.

नितेश मात्र अजून पट्टीसमोरच बसला होता. पट्टीवरून तो आधी बोट फिरवत होता, मग नख.

"आये, माझ्या हातनं टवका उडालेला तो कुठं हाय?"

"शोध."

"इथंच होता ना?"

"तुझा तू उडवलास, तुझा तू शोध," गिरजाबाई म्हणाल्या आणि पुन्हा परातीशी जाऊन बसल्या.

तेवढ्यात फडताळावरचा फोन वाजला. सगळ्यांत जवळ नितेश होता. त्याने उठून फोन हातात घेतला आणि नाव बघितलं. पाच दिवस त्याच्या मनात होतं, की किमयाचा फोन आला तर आपणच घ्यायचा, गोड बोलून नाही म्हणायचं, आईवर वेळ येऊ द्यायची नाही. फोन आणखी दोनदा वाजला. मग त्याने तो आईच्या हातात दिला आणि सुरभीला टीव्हीचा आवाज कमी करायची खूण केली.

"मावशी, काय ठरलं?" किमयाचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "मी जास्त सांगत नाय. घरगुती मूर्ती, एक-एक फुटाच्या, त्या तुमच्यासाठी बाजूला काढते. झेपतील तेवढ्या करा. मोठी सात फुटी एक हाय, तिच्यासाठी बाहेरून मानूस बोलावतेय, तिची काळजी तुमाला नाय."

गिरजाबाईंनी नितेशकडे बघितलं. तो पुन्हा पट्टीसमोर बसला होता. त्याचं नख या टोकाकडून त्या टोकाकडे चाललं होतं आणि कुठेही अडत नव्हतं.

"मानूस बोलवू नको," त्या म्हणाल्या.

"म्हनजे?"

"सात फुटीच्या डोळ्यांना कुनाचा हात लावू देऊ नको. मी येते."

सुरभीचा अंगठा बटणावर थांबला.

"तिला विचार, आये," नितेश पट्टीवरची नजर न काढता म्हणाला, "सात फुटाला शिडी लागंल, ती धरायला मानूस हाय का तिच्याकडं. रविवारी माझी सुट्टी असते."