‘बोल’ म्हटलं की घण

दहिसरच्या ठोकाठोक बँडमध्ये तबला नव्हता, ऐरण होती. सिद्धेश सांडशीत लाल लोखंड धरायचा, त्याची बहीण श्रुतिका घण मारायची, आणि सुरात कापलेल्या पाइपांवर चैतन्य चाल वाजवायचा. गाणं संपेस्तोवर एक उलथनं तयार.

श्रुतिकाला पहिल्या दिवसापासून एकच भीती होती, दादाच्या हाताची. म्हणून शब्द ठरवला होता. सिद्धेशने ‘बोल’ म्हटलं, म्हणजे लोखंडाला बोलतं कर, की घण पडणार, एरवी नाही. त्या भरवशावर तो मधेच वाकून ब्रशने ऐरण झाडायचा. त्या गोंगाटात श्रुतिकाला दुसरं काही ऐकूच यायचं नाही. शब्द आला की खांदे आपोआप वर जायचे.

मारुतीच्या देवळात सुलक्षणाताईंचं कीर्तन होतं. ताईंनीच हौसेने या मंडळींना साथीला बोलावलं. तालीम झाली ती अभंगांची. जयजयकाराची तालीम कोण करतं?

आख्यान असं रंगलं की पुढे बसलेल्या मालनमावशींनी डोळ्यांना पदर लावला. शेवटच्या चरणाला सिद्धेश ब्रश घेऊन वाकला. ताईंनी हात उंचावले.

“बोला...”

घण वर गेला. वर गेल्यावर श्रुतिकाला कळलं, हा आवाज दादाचा नाही. खाली ऐरणीवर त्याची बोटं होती, आणि सुटलेला घण काही थांबत नाही. तिने अख्खं अंग डावीकडे झोकून दिलं.

घण स्टेजच्या फळीत घुसला. सिद्धेशच्या मनगटाला नुसता वारा लागला. लोकांना वाटलं, शेवट असाच बसवलाय. विठ्ठलाच्या गजरातच टाळ्या पडल्या.

“हात दाखव,” श्रुतिका म्हणाली.

“आहे गं. बघ ना.” त्याने बोटं हलवली. “उद्यापासून ‘हाण’ म्हणू. झालं?”

पण आरती राहिली होती, आणि आरतीनंतर ताई पुन्हा जयजयकार घेणार होत्या. चैतन्यने घण उपसून देवळाबाहेर नेऊन ठेवला. तरी श्रुतिका दादाचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली. समोर मारुतराय, पण तिची नजर ताईंच्या ओठांवर. कापूर फिरला. दादा हळूच म्हणाला, सोड, मुंग्या आल्या. तिने सोडलं नाही.

“बोला...”

हातात घण नव्हता, तरी तिचे खांदे वर गेले, आणि त्यांच्यासोबत दादाचा हातही.