अर्ध्या डॉक्टरांचा दावा

निवृत्त झाल्यापासून हेडक्लार्कसाहेबांच्या अंगात डॉक्टर संचारला होता. इमारतीतले लोक त्यांना तोंडावर 'साहेब' आणि पाठीमागे 'अर्धे डॉक्टर' म्हणत. कुणाच्याही आजारपणातून उरलेल्या गोळ्या ते कात्रीने सुट्या करून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकत. पाकिटावरचं नाव कापलं गेलं तरी अडत नसे, कारण रंगावरून गोळी ओळखण्याची विद्या त्यांना अवगत होती. शेजारी त्यांच्याकडून हसतमुखाने गोळ्या घेत आणि जिन्यातच फेकून देत. बायकोला ती सोय नव्हती. तिच्यासमोर ते पाण्याचा पेला घेऊन उभे राहत.

बायको बालवाडीत शिकवायची. तिला लघवीला जळजळ होऊ लागली तेव्हा नेहमीच्या डॉक्टरांनी नीट विचार करून गोळी लिहून दिली. सल्फाच्या गोळीने तिच्या अंगावर पूर्वी एकदा चट्टे उठले होते, ते त्यांच्या लक्षात होतं. साहेबांच्याही होतं. पण डॉक्टर लोक उगाच घाबरवतात, हे त्यांचं ठाम मत. शिवाय मेहुण्याच्या याच दुखण्यातल्या गोळ्या डब्यात पडून असताना नवं पाकीट फोडायचं त्यांच्या जिवावर आलं.

मेहुण्याच्या गोळ्या सल्फाच्या होत्या, तरी त्यांनी त्याच तिला दिल्या. तिला आधी ताप आला, मग डोळे पेटले, तोंड आतून सोलवटलं, आणि शेवटी पाठीची कातडी चादरीला चिकटून निघायला लागली. तिला भाजलेल्यांच्या वॉर्डात ठेवावं लागलं. कुठली गोळी घेतली होती, असं तिथे विचारलं तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. साहेबांना येत होतं. त्यांनी बेधडक नेहमीच्या डॉक्टरांच्या माथी खापर फोडलं.

ती घरी आली ती अंगभर डाग आणि सदा कोरडे, चुरचुरणारे डोळे घेऊन. फळ्याकडे फार वेळ बघवत नव्हतं, म्हणून बालवाडीची नोकरी सुटली. कपाटात तिला डॉक्टरांनी दिलेलं पाकीट सापडलं, एकही गोळी न फोडलेलं. तिने जाब विचारला. साहेब जराही ओशाळले नाहीत. झालं ते झालं, म्हणाले. आणि डॉक्टरांचा विमा असतो, दावा लावला तर त्यांचं काय जातंय?

असा हा माणूस वकीलबाईंच्या खोलीत छाती काढून बसला होता आणि निष्काळजीपणा या विषयावर बोलत होता. ती शेजारी डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होती. तिला त्याची किळस आली, आणि इतकी वर्षं ती आली कशी नाही याचंच नवल वाटलं.

वकीलबाईंनी त्यांना मध्येच थांबवलं. भरपाईचा दावा लावता येईल, वैद्यकीय परिषदेकडेही तक्रार करता येईल, असं त्यांनी समजावलं. चालत नाही हे ठाऊक असून तीच गोळी दिली असेल, तर डॉक्टर यातून सुटणार नाहीत. त्यांचा दवाखानाही बंद होऊ शकतो. पण सगळी भिस्त बायकोच्या साक्षीवर.

"ती सांगेल की," साहेब म्हणाले. "पढवून आणलंय मी."

तिने पर्समधून ते न फोडलेलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"डॉक्टरांनी दिलेलं औषध हे. यातलं मी काहीच खाल्लेलं नाही. जे खाल्लं ते यांनी यांच्या डब्यातून काढून दिलं, मला चालत नाही हे माहीत असून." मग तिने शांतपणे विचारलं, "नवऱ्यावर दावा लावता येतो का?"

वकीलबाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "येतो," त्या म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. खोलीतल्या तिसऱ्याच कुणीतरी गुन्हा केल्यासारखे ते आधी वकीलबाईंकडे आणि मग बायकोकडे बघत राहिले.

"अगं, काय बोलतेस? नवरा आहे मी तुझा."

"म्हणून तर न बघता गिळली," ती म्हणाली.