पिवळा ठिपका

गाडी टोचन करून दोघा भावांच्या गॅरेजात आणली, तेव्हा धाकटा हातातलं काम टाकून धावला. पुढचं डावं चाक गायब, मडगार्ड फाटलेलं, दरवाजा खालून घासून निघालेला. मागोमाग गाडीच्या मालकीणबाई आल्या, शाळेत शिकवणाऱ्या.

"वळणावर माझंच चाक माझ्यापुढे पळालं हो! लेक मागे बसली होती. कालच तर तुमच्याकडून गाडी नेली."

पोरीला खरचटलंही नव्हतं. काळ आला होता, वेळ आली नव्हती, एवढंच.

धाकटा उजव्या चाकापाशी बसला. नट नुसत्या बोटांनी फिरले. पाचही. आणि पाचांवर पिवळा ठिपका!

या गॅरेजात नट पुरता आवळला की त्यावर पिवळा ठिपका पडायचा. ठिपका दिसला की पुन्हा पाना लावायचा नाही, कारण ब्रश फक्त दादाच्या खिशात असायचा. बाप गेल्यावर दादानेच धाकट्याला वाढवलं, हातात पाना दिला. ब्रश मात्र बावीस वर्षांत दिला नाही. धाकट्याचे केस पिकले तरी दादाचं आपलं एकच, "कच्चा आहेस अजून."

गेल्याच महिन्यात वहिनी म्हणाली होती, "भावोजी, हे आंघोळ करून येतात आणि पुन्हा टॉवेल घेऊन आंघोळीला निघतात." तेव्हा हा शहाणा खो खो हसला होता. आता त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं.

चष्मा पुसत दादा आला. नट फिरवून बघितला आणि भडकला.

"हा उजेड कोणी पाडला?"

"मी, दादा," धाकटा म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही त्याला.

"लाज नाही वाटत? लेकरू बसलं होतं आत! असलं काम करणाऱ्याच्या हातात पुन्हा पाना देऊ नये."

"चुकलो, दादा."

दादा आणखी बोलणार होता. पण त्याचा अंगठा ठिपक्यावर थांबला. त्याने तो नखाने खरवडून पाहिला.

"हा पण तूच लावलास?"

"हो."

"ब्रश तर माझ्याकडे असतो."

धाकट्याने मान खाली घातली.

"मी आवळले होते ना रे?" दादाने अगदी हळू विचारलं. "मला आठवतंय. एकेक करून सगळे आवळले होते."

धाकट्याला हुंदका आवरेना. दादाच उठला, बाईंपुढे जाऊन त्याने हात जोडले. "बाई, माझ्या हातून झालं. याचा काही दोष नाही." मग खिशातला ब्रश काढून त्याने धाकट्याच्या खिशात खोचला. इतकी वर्षं हाच ब्रश हवा होता त्याला, आणि आता तो नको नको झाला.

"रडतोस काय? बाई खोळंबल्यात. आवळ."

धाकट्याने पाचही नट आवळले. दादा शेजारी उकिडवा बसून प्रत्येक नटाकडे बघत होता.

"लाव आता."

धाकट्याचा हात असा कापला की ठिपका नट सोडून भलतीकडेच पडला. दादाने तो आपल्या सदऱ्याच्या बाहीने पुसला, मग त्याच बाहीने डोळे पुसले.

"कच्चा आहेस अजून," तो म्हणाला. "पुन्हा लाव."