सरकीबाबाची सळई

आंजी गावच्या बाजारओट्यामागे त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. बहुतेक बायाच. कोणाच्या मनगटाला फडकं, कोणाच्या कोपराला हळद. पाटावर सरकीबाबा बसलेला. तो बाईचं दुखरं मनगट तोंडाला लावायचा, डोळे पांढरे करून ओढायचा आणि थाळीत टण्णकन बी थुंकायचा. कापसाचं बी, म्हणजे सरकी. की लागले सगळ्यांचे हात जोडले जायला.

बाबाचं शास्त्र साधं होतं. वेचणीआधी शेतात सीतादही होते, कापसाच्या झाडाला दहीभात दाखवतात. त्यात कसूर झाली की घरच्या बाईच्या हातात सरकी शिरते. दही आंबट असेल तर कोपरात, भात गार असेल तर खांद्यात. डॉक्टर लोक उगाच इतकी वर्षं शिकतात.

मी वर्ध्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि असले बाबा दिसले की माझं डोकं फिरतं. पण त्या दिवशी रांगेत माझी मोहिनी वहिनी होती आणि तिला घेऊन आली होती माझी आई, मनकर्णाबाई. पहिल्या वेचणीपासून वहिनीचा उजवा अंगठा धड हलत नव्हता. बाबानं दोनदा सरकी काढली, दुखणं परत आलं. आता म्हणे मूळ आत राहिलं, डाग द्यावा लागेल. शेगडीत सळई लाल होत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वहिनीनं हात पदराखाली लपवला. मी आईला थांब म्हटलं, तर तिनं मलाच गप्प केलं. सीतादहीचं दही वहिनीच विसरली होती, मग भोगायला नको का, असं तिचं म्हणणं.

तेवढ्यात माझी नजर थाळीकडे गेली. काळं, गुळगुळीत, टक्कल केल्यासारखं बी. मी एक उचलून आईच्या तळहातावर ठेवलं आणि विचारलं, बोंडातली सरकी अशी असते का? आईचं सारं आयुष्य कापसात गेलेलं. तिनं बी चिमटीत फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला.

"हे तं पाकिटातलं बी हाय," ती म्हणाली. "झाडावरच्या सरकीले पांढरी लव राह्यते."

दरवर्षी हेच बी हातानं लावणाऱ्या शेकडो बाया तिथे होत्या आणि एकीलाही ते दिसलं नव्हतं. सगळ्या माना खाली गेल्या. आईनंच पाण्याचा लोटा बाबापुढे ठेवला.

"चूळ भरा, महाराज."

"देवाच्या तोंडाले चूळ चालत नाई, बाई," बाबा बोलला, आणि बोलता बोलताच गालातल्या दोन बिया पाटावर पडल्या. त्या त्यानं उद्याच्या रोग्यांच्या आगाऊ ओढून ठेवल्या होत्या म्हणे! बाया हसल्या, बाबानं मोटारसायकल गाठली. पाकिटातल्या बियाला विषारी औषध लावलेलं असतं, हे मी त्याला सांगणार होतो. पण तो थांबलाच नाही.

मी विजयी वीरासारखा उभा. तेव्हा वहिनीनं विचारलं, "सरकी नोयती तं मंग मले झालं काय, भाऊजी? हात तं दुखूनच राह्यला."

 मी तिला आणि आईला वर्ध्याच्या हाडांच्या डॉक्टर अपेक्षा यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवायला सांगितलं, तशी वहिनी कळवळली. अंगठ्याचे स्नायुबंध मनगटाशी एका अरुंद नळीतून जातात, डॉक्टर म्हणाल्या. तीच ओढ, तोच पीळ दिवसभर चालला की तिथे सूज येते. आधार देणारी पट्टी, बर्फाचा शेक, काही आठवडे अंगठ्याला विश्रांती, मग हलका व्यायाम. नाहीच उतरलं तर इंजेक्शन. आणि बाबाकडे काहींना बरं वाटलं ते कशानं? तो मनगट बांधायचा आणि आठवडाभर कापसाला शिवू नका म्हणायचा. गुण विश्रांतीचा, नाव सरकीचं. जिला दुसऱ्याच दिवशी वेचायला जावं लागे, तिचं मूळ आत राही.

मग डॉक्टरांनी विचारलं, घरी या हातानं काय काय होतं? वहिनी सांगू लागली. वेचणी, गाईचं दूध, भाकरी, लेकराला उचलणं, धुणं. "आन् भाऊजीचे शाळेचे कपडे," ती सहज म्हणाली. तिची तक्रार नव्हती. पण मला जमीन दुभंगावी असं वाटलं. आई पदराशी चाळा करत राहिली. गावभर विवेक सांगत फिरणारा मी, घरात त्या एका हातावर सगळे बसलोय, हे मला कधी दिसलं नव्हतं.

त्या संध्याकाळी माझ्या भावानं, अंकुशनं, दूध काढलं. मी धुणं पिळलं. जरा वेळानं माझंच मनगट ठणकायला लागलं आणि मी लाजेनं कोणाला सांगितलं नाही.

म्हणून एवढंच सांगतो. बाईचा हात दुखला तर बाबा शोधू नका. दुखणं वाढण्याआधी डॉक्टरला दाखवा, मध्ये मध्ये थांबू द्या, हात बदलू द्या. आणि औषध आणण्याआधी तिच्या हातातलं काम घ्या.