कुंपणालगतची हरळी

"टेरेल, तो पंप पाठीवरून उतरव आधी!" मी व्हरांड्यातूनच ओरडले.

माझा धाकटा कसला ऐकतोय! कुंपणालगतचा एक पट्टा फवारून पुढे निघालाही होता. मी तशीच अनवाणी धावले आणि त्याच्या हातातली नळी हिसकावली.

"अगं आई, सगळं वाळलंय. हिरवं दिसतंय ते नुसतं रानगवत. बाबा हेच औषध मारायचे ना?"

"मारायचे, पण हरळी झोपलेली असताना, भर थंडीत. आता मार्च संपत आला, शहाण्या! खाली बस. बस म्हणते ना!"

मी पिवळा पेंढा बोटांनी बाजूला केला. तळाशी हरळीचे सुईच्या टोकाएवढे हिरवे कोंब फुटले होते.

टेरेलचा चेहरा उतरला. "बाबांशिवायचा पहिलाच वसंत. म्हटलं, अंगण नीट दिसावं."

मी पाणी सोडून पट्टा धुऊन काढला, होईल तेवढा.

नेमकी तीच जागा. माझ्या नवऱ्यानं, अलॉन्झोनं, पहिली हरळी तिथं लावली होती. इकडं जॉर्जियात माझ्या आईच्या अंगणात गवताची काडी दिसली की कुदळीनं छाटायची. मग फांद्यांच्या खराट्यानं लाल माती अशी झाडायची, की साप गेला तर त्याची रेघ उमटावी. गवत म्हणजे आळशी बाईची खूण. अशा घरातली मी, आणि हा नवरा गोणपाटात हरळीची मुळं घेऊन आलेला!

"मी काय गाय आहे का रे?" मी विचारलं होतं.

तो हसला. "व्हेनी, एकदा अनवाणी चालून तर बघ."

चालते कशाला! तो होता तोवर मी कडेच्या विटांवरूनच गेले. ऑक्टोबरात त्याला नेलं, तेही त्याच विटांवरून.

उरलेलं रानगवत मी गुडघे टेकून हातानं उपटलं, दाणा धरायच्या आत. मे महिन्यात सगळी हरळी हिरवीगार झाली. तो पट्टा तेवढा मेलेला.

अटलांटाला आपल्या घरी परतलेल्या टेरेलचा फोन आला. "आई, विकतचं गवत आणून अंथरतो."

"विकतचं तुझ्या दारात अंथर. इथं बाबाचंच येईल."

"आणि नाही आलं तर?"

मी फोन ठेवला. डॉगवूडच्या झाडाच्या बारीक फांद्या तोडल्या, आईसारखा खराटा बांधला आणि तो पट्टा खरडून झाडून काढला. एकीकडे अलॉन्झोची हिरवळ, दुसरीकडे आईची लाल माती. मी संध्याकाळी तिथं खुर्ची टाकून बसायला लागले. कुणाची वाट बघतेस, असं विचारायलाही घरात कुणी नव्हतं.

एके दिवशी सकाळी झाडायला गेले, तर हिरवळीतून एक धुमारा मातीवर सरकत आला होता. एका पेरापाशी त्यानं मूळही धरलं होतं. लहानपणापासूनचा हात, तो आपोआप कुदळीकडे गेला.

कुदळ पुन्हा भिंतीला टेकवली. चपला विटांवर काढल्या, अनवाणी हिरवळीवर उतरले आणि त्या धुमाऱ्याला वळसा घालून बाकीचं झाडत राहिले.